तुझं तू ठरव

८ जानेवारी

ताई,

नमस्कार, कशी आहेस, मी मजेत, हे सगळं लिहून झालंय असं समज.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की संध्याकाळपर्यंत एक अंगठा पाठवतेस. म्हणून पत्र. पत्राला अंगठा पाठवायचा तर शाई लावून कागदावर उठवावा लागेल, आणि तेवढे कष्ट तू घेणार नाहीस. पत्ता आईने दिला. तिच्याकडे तो कुठून आला ते मी विचारलं नाही, आणि बाबांना सांगू नकोस हे तिने बोलून दाखवलं नाही. आम्ही दोघी समजूतदार आहोत.

तर काम असं आहे. शाळेचं हे माझं शेवटचं वर्ष. फेब्रुवारी संपायच्या आत कॉलेजचा अर्ज भरायचाय. त्यात पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती असे तीन रकाने आहेत आणि माझ्याकडे एकही पसंती नाही. नावडतं असंही काही नाही. गणित बरं आहे, इतिहास बरा आहे, जीवशास्त्रसुद्धा बरंच आहे. सगळंच इतकं बरं आहे की माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

शाळेत एक मार्गदर्शक बाई आल्या आहेत. करिअरच्या. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, "तुला मनापासून कशाची आवड आहे?" मी म्हटलं, "झोपेची." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. मग एक चाचणी झाली. गर्दी आवडते की एकांत, हातांनी काम करायला आवडतं की डोक्याने, वगैरे. मी सगळीकडे मधला पर्याय निवडला. निकाल आला: भूमापन, ग्रंथालय किंवा कुक्कुटपालन. मामा म्हणाला, तिन्ही एकदम जमतील, जमीन मोजायची, तिच्यावर कोंबड्या सोडायच्या आणि त्यांना नंबर लावून कपाटात ठेवायचं.

आता तू म्हणशील, घरी विचार. घरी! तू गेल्यापासून आईबाबांनी कानाला खडा लावलाय. तुझ्या वेळी त्यांनी सगळं ठरवलं होतं. खाली बाबांचं चष्म्याचं दुकान, वरच्या खोलीत तुझा डोळ्यांचा दवाखाना. तू मेडिकलचं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून हॉस्टेलमधूनच परस्पर निघून गेलीस, तेव्हा त्या दोघांनी बसून ठरवलं की धाकटीला काही म्हणजे काही सांगायचं नाही. मी काहीही विचारलं की बाबा म्हणतात, "तुझं तू ठरव," आणि खोलीतून निघून जातात. खोली त्यांचीच असते, तरी जातात. आई ओठ घट्ट मिटून भांडी घासायला लागते. घासलेली भांडीसुद्धा.

रविवारी मामा आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "मला विचारशील तर..." आणि टेबलाखालून आईने त्याला अशी लाथ मारली की अर्धा चहा बशीत. "...मला विचारूच नकोस," असं त्याने वाक्य पुरं केलं.

म्हणून तुला विचारतेय. तू मोठी आहेस. मी काय करू ते सरळ सांग. तुझी आठवण वगैरे येत नाही, फक्त सल्ला हवाय.

तुझं शेपूट


२३ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्यासारख्या रोपवाटिकेत काम करणाऱ्यांना वेळ नसतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, झाडांना घाई नसते.

इथे बाबांचं प्रकरण वाढलंय. घरापुरतं होतं ते दुकानात शिरलंय. पूर्वी गिऱ्हाईक फ्रेम घालून आरशासमोर उभं राहिलं की बाबा मान तिरकी करून म्हणायचे, "ही नको, यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता." आणि लोक ऐकायचे. लोक त्यासाठीच तर यायचे. आता कोणी विचारलं, "कशी दिसते?" तर बाबा म्हणतात, "तुम्हाला आवडेल ती घ्या." माणसं गोंधळतात. तासभर सगळ्या फ्रेमा घालून बघतात आणि उद्या येतो सांगून जातात, ते कायमचे. परवा आमचे भूगोलाचे सर आले होते. त्यांनी टोमॅटोसारख्या लाल रंगाची फ्रेम निवडली. आई मागे बसून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी गरम करून वाकवत होती, तिने बाबांकडे असं बघितलं की काय सांगू. बाबा म्हणाले, "छान." आता भूगोलाच्या तासाला फळ्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

सर गेल्यावर आई म्हणाली, "अहो, एका शब्दाने सांगायचं ना त्यांना."

बाबा म्हणाले, "सांगितलेलं पुरे झालं."

मग दोघंही माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. एवढ्याशा दुकानात ते सोपं नसतं.

माझ्या बाकावर ती बँकवाल्यांची मुलगी बसते ना, तिच्या घरी अगदी उलट आहे. तिच्या वडिलांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावलाय. कुठलं कॉलेज, कुठली परीक्षा, कुठली नोकरी. तिसाव्या वर्षापर्यंतचं सगळं आहे त्यात. ती ते सांगताना शाळेच्या बाथरूममध्ये रडली. मी तिची पाठ थोपटत होते आणि मनात म्हणत होते, काय नशीबवान आहे ही! आणि मग ते तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मला खरंच कळत नाही, ताई. तिला कोणीतरी गप्प बसायला हवंय आणि मला कोणीतरी बोलायला हवंय. यातलं वाईट कुठलं?

काल मी पहिल्या पसंतीत वाणिज्य टाकलं. आज काढलं. ज्या हॉटेलात सगळेच पदार्थ ठीकठाक असतात तिथे मी नेहमी आधी तुझ्याकडे बघायचे आणि तू मागवशील ते मागवायचे. तू कधी बदललंस तर मीही बदलायचे. आता समोरची खुर्ची रिकामी आहे आणि वेटर ताटकळलाय.

हे जरा रडकं झालं. खोडत नाही, कागद वाया जाईल.

तुझं शेपूट


५ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला कॅक्टसचं चित्र आणि मागे दोन ओळी. "तुला हवं ते कर. कोणाचंही ऐकू नकोस."

वा! यासाठी तिकीट लावलंस?

मी तुला एवढ्या आशेने विचारलं आणि तू बाबांचंच वाक्य मला परत पाठवलंस. फरक इतकाच की ते खोलीतून निघून जातात आणि तू आधीच गेलेली आहेस. शिवाय कोणाचंच ऐकू नकोस हे तुझं ऐकायचं की नाही, तेही लिहायला हवं होतंस.

मला हवं ते! मला काय हवं ते मला माहीत असतं तर मी तुला पत्रं लिहीत बसले असते का? तुला एक सांगते आणि राग आला तर येऊ दे. तुझ्यासमोर निदान काहीतरी होतं. भिंत होती. तू तिच्यावरून उडी मारलीस. माझ्यासमोर मोकळं मैदान करून ठेवलंय सगळ्यांनी, आणि ते तुझ्यामुळे. तू गेलीस आणि जाताना घरातल्या सगळ्यांची जीभ बरोबर घेऊन गेलीस. मला तुझा फार राग आहे. तो पत्रात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण कॅक्टस बघून राहवलं नाही.

वरच्या खोलीत आता रिकामी खोकी ठेवतात. बाबा ती आणायला मला पाठवतात. स्वतः वर जात नाहीत.

कार्ड मी जपून ठेवलंय. उगाच खूश होऊ नकोस, कॅक्टस बरा आहे म्हणून.

शेपूट


१६ फेब्रुवारी

ताई,

रागाचं पत्र पाठवल्यावर मला वाईट वाटलं आणि मग वाईट वाटल्याचा राग आला. ते असो.

शाळेने आम्हाला एकेका दिवसासाठी कामाच्या जागी पाठवलं. बँकवाल्यांची मुलगी अर्थातच बँकेत. आमचं आता बोलणं सुरू आहे. ती म्हणते, तिथे तिला खूप आवडलं आणि त्यामुळे ती आणखीच वैतागली आहे. मला नवीन पुलाच्या जागेवर पाठवलं. तिथे पाया खणण्याआधी जमिनीत खोल भोक पाडतात आणि आतला दगड लांब लांब कांडीसारखा बाहेर काढतात. त्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडून ठेवतात. वरची माती आधी, मग मुरूम, मग खालचा काळा दगड. एक भूगर्भतज्ज्ञ बाई होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर हेल्मेट, खिशात उकडलेलं अंडं. त्या एकेक कांडी पाणी लावून बघत होत्या. ओली केली की दगडाचा खरा रंग दिसतो.

तिथला इंजिनिअर सारखा विचारत होता, "मॅडम, इथे पक्का दगड लागेल ना?"

त्या म्हणाल्या, "माहीत नाही. अजून खाली जाऊन बघावं लागेल."

इंजिनिअर चिडला. त्या शांतपणे अंडं सोलत होत्या. ताई, "माहीत नाही" हे मोठ्या माणसाने इतकं बिनधास्त म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे मला माहीत नसलं की आई भांडी घासायला लागते.

मी घरी येऊन सांगितलं. आईचे डोळे चमकले. तिने तोंड उघडलं. मग बाबांकडे बघून मिटलं. बाबांनी विचारलं, "उन्हात किती वेळ उभी होतीस?" आणि उत्तर ऐकायच्या आत उठून गेले.

आता मला कळत नाही की मला दगड आवडले, का त्या बाई आवडल्या, का त्यांचे बूट. बूट खरंच मस्त होते. एका दिवसावर कोणी आयुष्य ठरवतं का? आणि ठरवत नसतील तर मग कशावर ठरवतात? तू मेडिकलला जायचं कशावर ठरवलं होतंस? म्हणजे तू ठरवलं नव्हतंस हे मला माहीत आहे. पण सोडायचं तर तू ठरवलंस ना. ते कसं कळलं? सकाळी उठून कळलं, की हळूहळू?

अर्जात सध्या भूगर्भशास्त्र लिहिलंय. दुसरा पर्याय डोळ्यांच्या तपासणीचा कोर्स. इथलंच कॉलेज, चालत जाता येतं, आणि मग दुकान आहेच. मला दुकान आवडतं. लोकांना नवा चष्मा लावला की ते आधी रस्त्यापलीकडची पाटी मोठ्याने वाचून दाखवतात, ते मला फार आवडतं. मग मी भूगर्भशास्त्र काढून ते टाकते. मग चिखलातले बूट आठवतात.

आज रात्री जेवताना मी मुद्दाम म्हटलं, "मी कॉलेजच करत नाही." बाबांचा घास हातातच थांबला. मला वाटलं, आता बोलतील. बोला ना! बोलले नाहीत. "मीठ दे," म्हणाले.

डोकं दुखतंय. गेले काही दिवस रोजच दुखतं.

तुझं शेपूट


२६ फेब्रुवारी

ताई,

अर्ज भरला. पहिली पसंती भूगर्भशास्त्र, दुसरी डोळ्यांची तपासणी, तिसरी वाणिज्य. तिसरी अशीच, रकाना रिकामा सोडता येत नव्हता म्हणून.

डोकेदुखीचं कारण नंबर वाढलेला होता. बाबांनी डोळे तपासले. नवीन चष्मा होईल.

बाकी काही विशेष झालं नाही. बाबा बरे आहेत. आई बरी आहे. इथे हवा छान आहे.

शेपूट


९ मार्च

ताई,

तुझं दुसरं कार्ड आलं. यावर निवडुंग नाही, कसलं तरी पिवळं फूल आहे. "हवेबद्दल तू आयुष्यात कधी बोललेली नाहीस. बाबा काय म्हणाले?"

तू बाबांबद्दल विचारलंस! ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की आईने विचारलं, काय गं, काय लिहिलंय एवढं? मी तिला दाखवलं. ती आत जाऊन तोंड धुऊन आली.

तर मग ऐक. मी लिहिणार नव्हते, कारण मला भीती वाटली की तू ते तुझ्याविरुद्ध धरशील. की बाबांविरुद्ध धरशील, कोण जाणे. मला अजून कळत नाही त्यातलं काय कोणाविरुद्ध जातं.

अर्जाचे शेवटचे दिवस होते. दुपारी दुकान रिकामं होतं. बाबांनी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर ती तपासणीची जड फ्रेम ठेवली आणि डाव्या डोळ्यावर काळी चकती लावली. समोर अक्षरांचा तक्ता पेटलेला. ते काचा बदलत होते. "हे बरं, की हे?" आणि परत. "हे, की हे?"

मी म्हटलं, "दोन्ही सारखंच."

"नीट बघ. घाई नाही."

"मला नाही कळत बाबा. तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू? डोळे तुझे."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी त्या अंधारात ओरडले. "मग कॉलेजचं तरी सांगा! तुम्हाला काय वाटतं ते एकदा सांगा. मी नाही मरणार!"

बाबांच्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही. ते ती उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला एकाच डोळ्याने दिसत होतं, त्यात मागून उजेड, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ. मग त्यांचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मला वाटतं, तू दुकानात यावंस. रोज वाटतं. सकाळी कुलूप उघडताना वाटतं. माझ्यानंतर इथे परका माणूस बसू नये." मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं? बोललो. आता तूही बॅग भर."

ताई, इतके दिवस ज्या उत्तरासाठी मी सगळ्यांचा जीव खाल्ला, ते मिळालं. मला वाटलं होतं, कोणी सांगितलं की मी मुकाट्याने तसं करीन आणि सुटेन. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"नाही."

मी स्वतःच दचकले. पण ते खरं होतं. इतक्या महिन्यांत ती एकच गोष्ट मला स्वच्छ कळली. "नाही बाबा. मला दुकान आवडतं, पण मला नाही यायचं."

त्यांनी विचारलं, "आत्ता नाही, की कधीच नाही?"

"माहीत नाही. पण नाही."

ते चिडले. खोटं कशाला सांगू, चांगलेच चिडले. काचांचा ड्रॉवर असा आपटला की आई धावत आली. म्हणाले, एवढं शिकवून दोघी मुली दगडधोंड्यांत आणि झाडपाल्यात जाणार. म्हणाले, माझं चुकतं तरी कुठे ते एकदा कोणीतरी सांगा. मी रडले. आईसुद्धा रडली. मी ती जड फ्रेम नाकावर ठेवूनच रडत होते, त्यामुळे काचांवर धुकं आलं आणि मला तर कोणीच दिसेना. मग बाबांनी ती माझ्या नाकावरून काढली, रुमालाने पुसली, परत लावली आणि म्हणाले, "शेवटची ओळ वाच." मी वाचली. चुकली. त्यांनी काच बदलली.

मी बॅग भरली नाही. मला कुठे जायचं होतं? भूक लागली होती. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी अर्धं जेवण झाल्यावर, ताटातून वर न बघता विचारलं, "ते दगडांचं शिक्षण किती वर्षांचं असतं?" आणि मग बरेच प्रश्न. मुलींना साइटवर राहायची सोय असते का. नोकऱ्या असतात का. मला निम्मं सांगता आलं नाही. अजून मला खात्री नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. मी दगडांसाठी नाही म्हटलेलं नाही, हेही. ते म्हणाले, "मग कशासाठी म्हटलंस?" मी म्हटलं, "कळलं की सांगते."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आल्या. बाबा मान तिरकी करून त्यांना म्हणाले, "ही नको, यात तुमचं नाक दिसतच नाही." त्या बाईंनी दोन फ्रेमा घेतल्या.

पण मला तुला जे सांगायचंय ते पुढेच आहे. काल ताट उचलताना बाबा आपणहून म्हणाले, "मोठीने एकदा जरी नाही म्हटलं असतं."

मी म्हटलं, "तुम्ही ऐकलं असतं?"

त्यांनी ताट आत नेऊन ठेवलं. मग म्हणाले, "नसतं ऐकलं."

एवढंच. पण त्यांनी तुझं नाव काढलं, ताई. आणि खरं बोलले.

मी आठवून बघितलं. बाबांनी दवाखान्यासाठी ती वरखाली होणारी खुर्ची आणली तेव्हा ती जिन्यातून वर चढवताना एक बाजू तुझ्याच हातात होती. तू हसत होतीस. "हो बाबा, खिडकीजवळ ठेवू, उजेड येईल," म्हणालीस. मी मागून ढकलत होते, मला सगळं दिसत होतं. प्रवेश घेताना हो. पहिल्या वर्षाला नापास होता होता वाचलीस तेव्हाही हो, जमेल बाबा. तू कधी नाही म्हणालीच नाहीस. तू सरळ गेलीस. मी तुला दोष देत नाही. तेव्हा या घरात नाहीला जागा कुठे होती? ती तू गेल्यावर झाली, आणि मला आयती मिळाली. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले होते, म्हणजे माझं डोकं बघ कुठे चालतं.

मी कॉलेजला गेले की घरात दोघंच उरतील. भूगर्भशास्त्र मला झेपेल की नाही माहीत नाही. कदाचित पहिल्याच वर्षी कळेल की मला फक्त बूट हवे होते. मग मी घरी येऊन तसं सांगीन.

तू ये. राहायला नको, शिक्षणासाठी नको, माफी वगैरे मागायला तर अजिबात नको. सकाळच्या गाडीने ये, दुकानात जा, बाबांसमोर उभी राहा आणि त्यांना तोंडावर सांग की नाही, मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. कधीच नव्हतं. मग हवं तर संध्याकाळच्या गाडीने परत जा.

ते ओरडतील. ड्रॉवर आपटतील. आणि मग तुला जेवायला बसवतील. मी बघितलंय.

तुझं शेपूट